काँक्रीट पाहायला अहमदाबादला जा

बुलढाणा जिल्ह्यातल्या तरुणांनो, लोणार आणि सिंदखेडराजा आपल्या दाराशीच आहेत, ते पाहाच. पण पुढच्या सुट्टीत थोडे पैसे साठवून अहमदाबादला जा आणि तिथले उघडे काँक्रीट पाहा.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत आपल्या देशाने गिलावा न केलेल्या, रंग न दिलेल्या कितीतरी इमारती बांधल्या. सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे भिंतींवर आजही दिसतात. अशा ब्रुटॅलिस्ट धाटणीच्या इमारती पाहायला लोक पूर्वीच्या युगोस्लाव्हियातल्या शहरांत जातात. तो खर्च आपल्याला झेपणारा नाही. अहमदाबादचा झेपतो: मलकापूरहून भुसावळ, पुढे सुरतमार्गे रेल्वे. स्लीपरचे आरक्षण लवकर करा, मुक्कामाला धर्मशाळा शोधा.

पालडीत टागोर हॉल आहे, बाळकृष्ण दोशींनी रचलेला. दोशी १९२७ साली पुण्यात जन्मले, मुंबईच्या जे.जे.त शिकले, पॅरिसला वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांच्या हाताखाली तयार झाले. हॉलच्या भिंती घडी घातलेल्या कागदासारख्या दुमडलेल्या आहेत. ती नुसती सजावट नव्हे. घडीमुळेच पातळ काँक्रीटला बळ येते. हे गणित महेंद्र राज या अभियंत्याचे. आश्रम रोडवर कॉर्ब्युझिए यांची गिरणी मालक संघटनेची १९५४ ची इमारत आहे. तिच्या पश्चिमेला काँक्रीटच्या तिरप्या पडद्या आहेत. त्या उतरते ऊन अडवतात आणि वारा आत सोडतात. मे महिन्यातली आपल्याकडची दुपार सोसलेल्या माणसाला ही करामत समजावून सांगावी लागत नाही. आत जायचे तर आधी परवानगी विचारा. रस्त्यावरून पाहायला पैसे पडत नाहीत.

आताच जा म्हणतो, त्याला कारण आहे. दिल्लीचा हॉल ऑफ नेशन्स हा असाच काँक्रीटचा हॉल राज रेवाल आणि याच महेंद्र राज यांनी १९७२ मध्ये उभा केला होता. साठ वर्षे न झालेली वास्तू वारशात बसत नाही, असे ठरले आणि एप्रिल २०१७ मध्ये तो एका रात्रीत पाडला गेला.

गुजरातइतकेही पैसे नसतील तर एसटीने मोताळ्याजवळच्या नळगंगा धरणावर जा. बहिणींना तिकीट अर्धेच आहे. हे धरणही त्याच काळातले काम. घमेली वाहिलेली वडीलधारी माणसे आसपासच्या गावांत भेटतात का, ते विचारा आणि त्यांच्याकडून कामाची हकिगत लिहून घ्या.