जहाजाचे पाणी आणि रेल्वेचे पाणी

४ डिसेंबर २०१४ रोजी मालदीवची राजधानी माले येथे समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली आणि चहूबाजूंनी सागराने वेढलेल्या त्या शहरातील लाखभर माणसांच्या घशाला कोरड पडली. भारताने शेजारधर्म पाळला. दुसऱ्याच दिवशी वायुदलाची विमाने पाणी घेऊन उतरली, पाठोपाठ नौदलाची ‘सुकन्या’ आणि ‘दीपक’ ही जहाजे पोहोचली. या मोहिमेला ‘ऑपरेशन नीर’ असे नाव होते. त्यानंतर अवघ्या सोळा महिन्यांनी, १२ एप्रिल २०१६ रोजी, मिरजेहून निघालेली दहा वाघिणींची रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात दाखल झाली. एका ठिकाणी पाणी जहाजाने आले, दुसऱ्या ठिकाणी रेल्वेने. समुद्राने वेढलेले बेट आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेला मराठवाडा यांची तहान एकसारखी कशी, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही. आता तो विचारण्याची वेळ आली आहे.

हवामानबदलाची चर्चा निघाली की मालदीव, तुवालू, किरिबाती ही नावे हटकून येतात. ते स्वाभाविकही आहे. १९०१ पासून जगातील समुद्राची पातळी सरासरी वीस सेंटिमीटरने वाढली आहे आणि मालदीवची ऐंशी टक्क्यांहून अधिक भूमी समुद्रसपाटीपासून जेमतेम मीटरभरच वर आहे. ज्यांच्या चुलीचा धूर जगाच्या हिशेबात नगण्य, त्यांच्याच उंबरठ्याशी समुद्र येऊन ठेपावा, यात अन्याय आहेच. तीन-चार एकर कोरडवाहू जमीन कसणाऱ्या मराठवाड्यातील शेतकऱ्याची स्थिती याहून वेगळी नाही. ज्या औद्योगिक भरभराटीचा वाटा त्याच्यापर्यंत कधी पोहोचलाच नाही, तिचे प्रायश्चित्त मात्र त्याच्या माथी आले आहे. संपन्न राष्ट्रांनी या पापाची भरपाई केली पाहिजे, ही मागणी न्याय्य आहे आणि भारताने ती लावून धरलीच पाहिजे. परंतु सारा दोष आभाळावर आणि परक्यांवर टाकून मोकळे होता येईल काय?

मालेचीच कहाणी पाहा. प्रवाळाच्या बेटावर नदी नसते. पडलेला पाऊस वाळूत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर तरंगत राहतो. मध्यभागी जाड आणि कडेला निमुळता असा त्याचा आकार असतो, भिंगासारखा. पिढ्यान्‌पिढ्या मालेच्या घरोघरी उथळ विहिरी होत्या आणि या भिंगावर शहर जगत होते. पुढे वस्ती दाटली, उपसा वाढला आणि समुद्राची पातळी फारशी वाढण्यापूर्वीच ते पाणी खारे झाले. मग यंत्र आले. हजारो विहिरींची जागा एका यंत्राने घेतली आणि ते जळाले त्या दिवशी शहरापाशी दुसरा आधार उरला नव्हता.

मराठवाड्याच्या पोटातही असेच एक भिंग आहे. आपली भूमी काळ्या बसाल्ट खडकाची. या खडकात पाणी साठते ते प्रामुख्याने वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात. जुन्या विहिरी याच थरातून भरत आणि पाऊस कमी झाला की आटत. त्यांचे आटणे हा गावाला मिळणारा इशारा होता. विंधन विहिरीने म्हणजे बोअरने तो इशाराच बंद केला. राज्याच्या भूजल कायद्याने विहिरीच्या खोलीला साठ मीटरची, म्हणजे साधारण दोनशे फुटांची, मर्यादा घातली आहे. प्रत्यक्षात पाचशे-सातशे फूट खोल जाणाऱ्या बोअरचे आज कोणालाही नवल वाटत नाही. एकाने तीनशे फूट घेतले की शेजारचा चारशे फूट घेतो आणि दोघांच्याही जुन्या विहिरी कोरड्या पडतात. समुद्र इथे नाही, म्हणून पाणी खारे होत नाही एवढेच.

आणि हे केवळ खेड्यांचे दुखणे नाही. संभाजीनगरच्या नवनव्या वसाहतींत सदनिका घेताना ‘बोअरला पाणी आहे ना?’ हा पहिला प्रश्न असतो. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरच्या काळात डोंगरउतारांवरील झिरपा भुयारी नहरांतून या नगरात आणला गेला. पाणचक्की तशाच एका नहरीच्या पाण्यावर फिरत असे. वेरूळचे शिवालय तीर्थ अहिल्याबाई होळकरांनी बांधून काढले. राज्यकर्ते कोणीही असोत, मुरलेल्या पाण्याचा मान राखण्याची समज या परिसरात होती. आज नहरींच्या वाटेवर घरे उभी आहेत आणि शहर पैठणच्या नाथसागरावर विसंबून आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते ज्याची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये जे लोकार्पण झाले, ते जायकवाडी धरण मराठवाड्याचे वैभव आहे, यात शंका नाही. मात्र त्याच्या भरवशावर विसंबलेल्या वसाहतींना वर्षानुवर्षे कित्येक दिवसांआड पाणी घ्यावे लागले, हेही तितकेच खरे. एकाच घागरीवर सारे शहर टेकवायचे, ही मालेचीच वाट नव्हे काय?

शिवाय संकट केवळ टंचाईचे नाही. २०१२ चा दुष्काळ, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट, २०१५ आणि २०१८ चे पुन्हा दुष्काळ, आणि २०२५ च्या सप्टेंबरात पिकांसह माती वाहून नेणारे महापूर. त्या महिन्यात बीड, धाराशिव, लातूर, नांदेड येथे शेतेच्या शेते पाण्याखाली गेली आणि नाथसागराच्या विसर्गाने गोदाकाठ धास्तावला. एकाच शेतकऱ्याने एका दशकाहून थोड्या अधिक काळात हे सारे भोगले. त्याला हवी आहे ती दोन्ही टोके पेलणारी रचना.

अशी रचना कोण उभी करू शकतो? फिजी बेटांवरील वुनिडोगोलोआ नावाचे एक छोटे गाव २०१४ मध्ये समुद्रकाठावरून सुमारे दोन किलोमीटर आत हलविण्यात आले. हलविण्यात आले म्हणण्यापेक्षा, ते हलले. नवी जागा त्यांच्याच कुळाच्या सामाईक मालकीची होती, घरांसाठी लाकूड गावानेच दिले. सरकारचा हात होता, पण पाय गावाचे होते. गंमत अशी की नव्या घरांच्या आराखड्यात स्वयंपाकघरेच राहून गेली होती. कागदावर आखणाऱ्यांना गाव दिसते, पण चूल दिसत नाही.

आपल्याकडील उदाहरणासाठी जालना तालुक्यातील कडवंचीला जावे. विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली, मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साहाय्याने, १९९६ च्या सुमारास तेथे पाणलोटाचे काम सुरू झाले. इंडो-जर्मन कार्यक्रमाचा पैसा होता, पण त्याच्या अटी कडक होत्या. गावाने श्रमदान करायचे, मोकाट चराई थांबवायची, झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही. आणि काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचे. आधी डोंगरावर सलग समतल चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, आणि शेवटी नाला. या क्रमातच सारे मर्म आहे. माथ्यावरची माती थांबली नाही तर खालचा बंधारा दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो, हे ज्याने घमेले उचलले आहे त्याला सांगावे लागत नाही. पुढे तेथे शेततळी झाली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या आणि २०१२ च्या भीषण दुष्काळात, जालन्यात टँकरच्या रांगा लागल्या असताना, कडवंचीच्या बागा तगल्या. द्राक्ष हे काही सर्वांना झेपणारे पीक नव्हे. गारपीट त्यालाच आधी गाठते. परंतु चराईबंदीचा निर्णय गावाने घेतला आणि पाळला, ही बाब द्राक्षांपेक्षा मोठी आहे.

या कसोटीवर सरकारी योजना घासून पाहिल्या तर काय दिसते? ‘शेततळे’ ही कल्पना पावसाचे वाहून जाणारे पाणी धरण्यासाठी होती. अनेक ठिकाणी मात्र प्लास्टिकचे अस्तर टाकून ती तळी बोअरच्या पाण्याने भरण्यात आली. म्हणजे भूगर्भातील सर्वांचे पाणी वर काढून, उन्हात ठेवून, एकाच्या नावे करायचे! त्यावर अनुदानही मिळाले. जलयुक्त शिवारात चांगली कामे झाली, लोकांनी वर्गणी काढून गाळ उपसला. पण यंत्रे दारात आली तसा भर नाला खोलीकरणावर गेला आणि माथा मागे पडला, ही जाणकारांची टीका आपलेपणाने ऐकायला हवी. २०१८ मध्ये सुरू झालेल्या हवामान अनुकूल शेतीच्या प्रकल्पाला नानाजी देशमुखांचे नाव आहे. लोकांचा पुढाकार आणि सहभाग यांशिवाय विकास नाही, हे नानाजींनी चित्रकूटमध्ये राहून दाखविले. त्या नावाने येणारे पैसे गावच्या बैठकीत ठरून खर्च होतात की तालुक्याच्या टेबलावर, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी जाऊन पाहावे. १९९३ चा स्टॉकहोम जल पुरस्कार लाभलेले डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्येच उपखोरेनिहाय नियोजनाचा आग्रह धरला होता. चितळे यांची कर्मभूमी संभाजीनगर, पाण्याचे शिक्षण देणारी ‘वाल्मी’ संस्थाही संभाजीनगरचीच. ज्ञानाची वाण इथे कधीच नव्हती.

वाण आहे ती एकमेकांना ‘नाही’ म्हणण्याच्या धैर्याची. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवारांच्या पुढाकाराने दरवर्षी पावसाची मोजदाद होते आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी पिण्याचे, मग जनावरांचे, मग शेतीचे. पाऊस उणा असेल तर पिके त्याप्रमाणे बदलतात. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही आणि ऊस लावायचा नाही, हे गावानेच ठरविले. त्यासाठी पोलीस लागले नाहीत. मराठवाड्यात पावसाळा संपून विहिरी तुडुंब भरलेल्या असतात, त्या ऑक्टोबरात अशी सभा किती गावांत भरते? आणि संभाजीनगरच्या किती गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभेत, रंगकाम आणि वाहनतळाचे विषय संपल्यावर, आपले बोअर किती फूट खाली गेले याची नोंद वाचली जाते?