सोळांतले पंधरा प्रक्षिप्त

गेले चार महिने मी एका शंभरपानी वहीत माझ्या संगणकाच्या अपग्रेडचे नियोजन लिहितो आहे. कोणता भाग आधी बदलायचा, कोणता तसाच ठेवायचा, कोणत्या खेळासाठी, पडद्यापासून किती अंतरावर बसून, अशी टिपणे. एके दिवशी ती वही विभागातल्या टेबलावर राहिली आणि आमच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी ती चाळली. "अहो, मला वाटलं प्रबंधाची टिपणं आहेत. खेळण्यासाठी एवढं?" असे म्हणून त्या हसल्या. हसण्यात दुष्टावा नव्हता. पण साहित्याच्या लोकांची एक जुनी खात्री त्यात होती. यंत्राविषयी जे लिहिले-बोलले जाते ते वाचण्याच्या योग्यतेचे नसते, अशी ती खात्री. मला तिच्याशी भांडायचे आहे.

त्याच आठवड्यात द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी भेटला. त्याने हप्त्यांवर एक महागडे ग्राफिक्स कार्ड घेतले होते. खोक्यावर 'फोर-के' असे ठळक छापलेले. "सर, घरी लावलं, पण चित्र होतं तसंच दिसतंय," तो म्हणाला. चौकशी केली तेव्हा कळले, की घरचा मॉनिटर २४ इंची, १९२० गुणिले १०८० चा. त्या पडद्यावर फोर-के उमटणार कुठून? दुकानात त्याला हे कोणी विचारले नव्हते आणि त्यानेही विचारले नव्हते. पुढचे अठरा महिने तो एका विशेषणाचे हप्ते फेडणार आहे.

बाईंचे हसणे आणि या मुलाची खरेदी ही वरवर पाहता दोन टोके वाटतात. माझे म्हणणे असे, की ती एकाच उणिवेची दोन रूपे आहेत. दोघांनीही मजकूर वाचला नाही. एकीने तो वाचण्याजोगा मानला नाही, दुसऱ्याने तो मंत्रासारखा ऐकला. आणि वाचनाचा धंदा तर आपला आहे.

नावापासूनच सुरुवात करू. '१०८०' हे नाव पडद्यावरच्या उभ्या मोजणीतून आले: वरून खाली १०८० ओळी. '१४४०' हेही तसेच. पुढची पायरी ३८४० गुणिले २१६० ची. जुन्या रीतीने तिचे नाव '२१६०' व्हायला हवे होते. पण इथे मोजपट्टी गुपचूप आडवी केली गेली आणि ३८४० ला चार हजारांच्या आसपासचे मानून 'फोर-के' म्हटले गेले. चित्रपटगृहांतले फोर-के ४०९६ रुंदीचे असते; घरगुती पडद्याने ते नाव उसने घेतले. आता ग्राहकाच्या कानावर '१०८०' नंतर एकदम 'चार हजार' पडतात. उभे-आडवे दोन्हींकडे माप दुप्पटच झालेले आहे. एकूण चित्रबिंदू मात्र खरोखर चौपट होतात: २०,७३,६०० वरून ८२,९४,४००. म्हणजे नाव फसवे आणि काम खरेच अवजड, अशी ही दुहेरी गंमत आहे. अलंकारशास्त्र शिकवणाऱ्याला यात रस नसावा, हे मला पटत नाही.

हे काम किती अवजड, तेही पाहू. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर प्रत्येक चित्रासाठी यंत्राला सुमारे १६.७ सहस्रांश सेकंद मिळतात. फोर-के पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे म्हणजे जवळजवळ ५० कोटी चित्रबिंदू, आणि प्रत्येकाचा रंग, सावली, प्रतिबिंब ठरवायचे. हा भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर पडतो. मग उत्पादकांनी यावर तोड काढली, आणि इथून आपला विषय खऱ्या अर्थाने सुरू होतो.

एनव्हिडिया कंपनीने २०१८ मध्ये आरटीएक्स मालिकेबरोबर 'डीएलएसएस' हे तंत्र आणले. खेळ कमी रिझोल्यूशनवर रेखाटायचा आणि प्रशिक्षित प्रणालीने तो मोठा करून दाखवायचा. एएमडी (२०२१) आणि इंटेल (२०२२) यांनीही आपापली तंत्रे आणली. फोर-के पडद्यावर या तंत्राचा 'परफॉर्मन्स' प्रकार निवडला तर आत प्रत्यक्ष रेखाटले जाते ते १०८० चेच चित्र. बाकी तीन-चतुर्थांश बिंदू अनुमानाने भरले जातात. २०२२ मध्ये पुढचे पाऊल पडले: दोन रेखाटलेल्या फ्रेम्सच्या मध्ये एक संपूर्ण फ्रेम रचून घालायची. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत एका रेखाटलेल्या फ्रेममागे तीनपर्यंत रचलेल्या फ्रेम्स घालता येऊ लागल्या. दोन्ही सवलती एकत्र घेतल्या तर गणित सोपे आहे. चारांतली एक फ्रेम खरी आणि त्या फ्रेममधला चौथा हिस्सा खरा. पडद्यावरच्या सोळा बिंदूंपैकी पंधरा खेळाच्या इंजिनाने कधी रेखाटलेलेच नाहीत. कंपनी हा आकडा लपवत नाही, अभिमानाने सांगते.

इंग्रजीत या मधल्या भरणीला 'इंटरपोलेशन' म्हणतात. पाठचिकित्सेतल्या प्रक्षेपालाही त्या भाषेत हाच शब्द आहे. हा योगायोग आपल्याला जागे करायला पुरेसा आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती पाठ अशुद्ध झाले होते म्हणून. आणि पुढे कोणी पदरच्या ओव्या घालू नयेत, असा कडक इशाराही दिला. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. त्या कामात प्रक्षिप्त श्लोक फेकून दिले गेले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत त्यांच्या जागी, त्यांच्या प्रतींच्या नावासकट ठेवले गेले. प्रक्षेप हे पाप नाही. प्रक्षेप मूळ म्हणून विकणे हे पाप आहे.

आणि तो तसा विकला गेला. जानेवारी २०२५ मध्ये लास वेगासच्या मंचावरून एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी जाहीर केले, की ५४९ डॉलरचे नवे ५०७० कार्ड हे ४०९० ची कामगिरी देईल. ४०९० हे कार्ड २०२२ मध्ये १५९९ डॉलरला आले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेशिवाय हे शक्य नव्हते, असे ते त्याच वेळी म्हणाले. पण लक्षात राहिले ते पहिले वाक्य. प्रक्षिप्त फ्रेम्स वजा करून स्वतंत्र परीक्षकांनी मोजले तेव्हा ५०७० बरेच मागे पडले. त्याची स्मृती १२ जीबी, ४०९० ची २४ जीबी, हा फरक तर कोणत्याही अनुमानाने भरून निघणारा नव्हता. 'कामगिरी' या एका शब्दाचा अर्थ वाक्याच्या मध्यावर बदलला होता. ही काही अभियांत्रिकीची चूक नव्हे. हा शब्दच्छल आहे, आणि तो ओळखण्याचे शिक्षण आपण देतो असा आपला दावा असतो.

प्रतिपक्षाचे म्हणणे मला ठाऊक आहे, आणि त्यात तथ्य आहे. चित्र मोठे करणारी तंत्रे निव्वळ कल्पनेने भरणी करत नाहीत. ती आधीच्या फ्रेम्समध्ये खरोखर रेखाटलेली माहिती गोळा करून वापरतात. फ्रेम लवकर तयार होत असल्याने खेळाचा प्रतिसादही सुधारतो. चांगला संपादक खंडित प्रतीतले अक्षर इतर प्रतींवरून लावतो, त्याच जातीचे हे काम आहे. मी स्वतः ते आनंदाने वापरतो. पण मधल्या रचलेल्या फ्रेम्सची गोष्ट वेगळी आहे. दोन खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये काही घालायचे तर पुढची खरी फ्रेम हाती येईपर्यंत थांबावे लागते, म्हणून प्रतिसाद उलट किंचित लांबतो. शिवाय त्या मधल्या फ्रेमला तुमच्या बोटाची खबर नसते. तुम्ही कळ दाबलीत हे तिला कळलेले नाही. सेकंदाला ३० खऱ्या फ्रेम्सच्या १२० केल्या तर डोळ्याला १२० चा ओघ दिसतो आणि हाताला ३० चा जडपणा, किंवा थोडा जास्तच, जाणवतो. खेळ ही पाहण्याची कला नाही, करण्याची आहे. ज्या फ्रेमवर खेळणाऱ्याच्या कृतीचा परिणाम होत नाही, ती त्या कलेच्या दृष्टीने टाळ्या वाजवणारी पण संवाद न ऐकणारी प्रेक्षक आहे.

मग नियोजन कसे करावे? माझ्या वहीचा क्रम सांगतो. आधी संहिता, मग डोळा, मग यंत्र.

संहिता म्हणजे खेळ. 'एल्डन रिंग' (२०२२) संगणकावर सेकंदाला ६० फ्रेम्सच्या पुढे जातच नाही. तेवढ्यासाठी १४४ हर्ट्‌झचा पडदा घेणे व्यर्थ. 'डिस्को एलिझियम' (२०१९) हा मुळात वाचायचा खेळ आहे, एका कादंबरीकाराच्या कल्पनेतून आलेला, आणि तो साध्या यंत्रावरही चालतो. साहित्याच्या माणसाने तो न खेळता या कलेविषयी मत देऊ नये. उलट 'सायबरपंक २०७७' मध्ये एप्रिल २०२३ पासून प्रकाशकिरणांचा पूर्ण मागोवा घेणारा जो प्रकार आला, तो फोर-केवर फ्रेम्स न रचता खेळायचा म्हटले तर सर्वात महागडी कार्डेही दमतात. खेळांची यादी न करता यंत्र ठरवणे म्हणजे अभ्यासक्रम न पाहता ग्रंथालयासाठी ग्रंथखरेदी करणे.

दुसरा डोळा. स्नेलेन यांनी १८६२ मध्ये डोळे तपासण्याचा तक्ता तयार केला. त्याच्या हिशेबाने निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखतो. हा ठोकताळा लावला तर २७ इंची १४४० च्या पडद्याचे बिंदू सुमारे ८० सेंटिमीटरच्या पुढे वेगळे दिसेनासे होतात. त्याच आकाराच्या फोर-के पडद्याचे सुमारे ५४ सेंटिमीटरच्या पुढे. माझी खुर्ची ७५ वर असते. फोर-केचा जादा तपशील मला त्या जागी थोडासाच मिळणार, आणि त्यासाठी कार्डाला सव्वादोन पट बिंदू रंगवावे लागणार. टेप घेऊन टेबल मोजायला दोन मिनिटे लागतात. मी ती पूर्वी घालवली नाहीत. आधी फोर-के पडदा घेतला आणि जुन्या कार्डावर तो पेलवेना म्हणून १४४० वर खेळत बसलो. १४४० चे चित्र २१६० ओळींत दीडपटीने ताणले जाते, बिंदूवर बिंदू नेमका बसत नाही, आणि सगळे चित्र धुकट होते. जास्त पैसे मोजून मी कमी स्पष्टता विकत घेतली होती.

तिसरे यंत्र. इथे एक साधी कसोटी आहे. खेळ चालू असताना रिझोल्यूशन कमी करून पाहावे. फ्रेम्स वाढल्या तर अडचण ग्राफिक्स कार्डाची. वाढल्या नाहीत तर अडचण बहुधा प्रोसेसरची, कारण त्याचे काम बिंदूंच्या संख्येवर फारसे अवलंबून नसते. यातून असेही निघते, की उंच रिझोल्यूशनकडे जाणाऱ्याने प्रोसेसर बदलण्याची घाई करू नये. कार्डाची स्मृती पुरेशी नसेल तर खेळ अडखळतो. सरासरी आकडा चांगला दिसत असूनही अडखळतो, म्हणून केवळ सरासरी पाहू नये. मॉनिटर आणि कार्ड यांच्यामधली जोडणीही पाहावी: एचडीएमआय २.० चे दार फोर-केला सेकंदाला ६० फ्रेम्सपर्यंतच वाट देते. आणि वीज. २०१७ च्या १०८० टीआय कार्डाला २५० वॅट लागत आणि ते ६९९ डॉलरला आले; २०२५ चे ५०९० कार्ड ५७५ वॅट मागते आणि १९९९ डॉलरला आले. ही वीज शेवटी खोलीतली उष्णताच होते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, ही तळटीप नसून मुख्य मजकूर आहे. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो, हेही लिहून ठेवावे.

'फ्यूचर-प्रूफ घ्या' हा सल्ला आता सगळीकडे मिळतो. भविष्याची हमी विकणाऱ्यांना २०२५ च्या उत्तरार्धात स्वतःचे भविष्यही कळले नव्हते. विदाकेंद्रांच्या मागणीने रॅमचे भाव भडकले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने 'क्रुशिअल' हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. आज लागेल तेवढे आज घ्यावे आणि पुढच्या भागासाठी खोक्यात जागा ठेवावी, एवढेच नियोजन शहाणपणाचे आहे.

असो. माझ्या वहीत शेवटी निर्णय झाला तो असा: पडदा आहे तोच ठेवायचा आणि खुर्ची साठ सेंटिमीटरवर आणायची, प्रोसेसर तसाच, कार्ड मधल्या वर्गातले पण १६ जीबी स्मृतीचे, चित्र मोठे करणारे तंत्र चालू, रचलेल्या फ्रेम्स बंद. विद्यार्थ्याला मी कार्ड परत होते का ते विचारायला सांगितले, होत नव्हते. तो आता जुन्या २४ इंची पडद्यावरच खेळतो आणि हप्ते भरतो. त्याच्या वर्गात पुढच्या सत्रात मी व्यावहारिक मराठीच्या तासाला जाहिरातीचा मजकूर शिकवणार आहे. उतारा त्या खोक्यावरचाच असेल. बाईंनी तो तास पाहायला यायचे कबूल केले आहे.