सायकलचा फ्रेंच पेच

जुनी रोड सायकल घ्यावी की नाही, या प्रश्नावर सध्या दोन पक्ष आहेत. एक आमच्या हॉस्टेलचा. 'व्हिंटेज' हा शब्द ऐकला की यांचे डोळे चमकतात, "फोटो कसले भारी येतील!" दुसऱ्या पक्षात गेटसमोरचा सायकलवाला आणि आमचे बाबा. या दोघांची आयुष्यात कधी भेट झालेली नाही, पण मत शब्दशः एकच : भंगार आहे, घेऊ नकोस. मला दोन्ही पक्ष पटत नाहीत. कारण सोपं आहे. दोघांपैकी कुणीही सायकल मोजलेली नाही.

सायकल आहे प्युजोची, मॉडेल यू-ओ-८, दहा गिअरची, खाली वळलेल्या हँडलची. विकणारे काका १९७० च्या दशकात एम.एस. करायला अमेरिकेत होते. तेव्हा तिकडे सायकलींची लाटच आली होती, एकट्या १९७३ साली सुमारे दीड कोटी सायकली खपल्या. त्या लाटेत फ्रान्सहून ही यू-ओ-८ ढिगांनी गेली. काकांनी परत येताना घरच्या सामानाबरोबर ती आणली. आता त्यांचे गुडघे ऐकत नाहीत. मागतात आठ हजार. माझ्याकडे इंटर्नशिपचे दहा हजार आहेत आणि ते एकदाच खर्च होणार आहेत!

पहिलीच गोष्ट, 'दुर्मिळ' या शब्दाला पैसे देऊ नयेत. ही आपल्याकडे दिसत नाही एवढंच. मुळात ती त्या काळच्या विद्यार्थ्यांची सायकल. फ्रेम साध्या स्टीलची आहे. ज्याचं नाव घेऊन लोक किंमत वाढवतात ते रेनॉल्ड्स ५३१ यात नाही. जुनी म्हणजे महाग, हे गणित सायकलला लागू नाही.

दुसरी गोष्ट फ्रेम. बाकी सगळं बदलता येतं, फ्रेम बदलली तर ती सायकलच राहत नाही. आधी साइज बघायचा, मांडीखाली वरचा दांडा टोचत असेल तर तिथेच नमस्कार करून निघावं. मग हेड ट्यूबच्या मागे, खालच्या दांड्याच्या पोटाला बोट फिरवायचं. समोरून धडक बसलेली असेल तर तिथे रंगाला सुरकुती लागते. आणि मग दोऱ्याची टेस्ट, जी मला फार आवडली. मागच्या चाकाच्या खाचेपासून दोरा हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणायचा आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. सारखं आलं की फ्रेम सरळ. पाच रुपयांच्या दोऱ्यात अलाइनमेंट! काकांच्या सायकलीत अर्धा मिलिमीटरही फरक निघाला नाही. सीटचा दांडाही गंजून अडकलेला नाही. म्हणजे आतापर्यंत हॉस्टेल पक्ष पुढे.

आता आटे. इथे सायकलवाला जिंकणार असं वाटलं होतं. पॅडलवर डी आणि जी अशी अक्षरं आहेत. शाळेत तीन वर्षं फ्रेंच घोकलं त्याचा हा पहिला उपयोग : द्रुआत म्हणजे उजवं, गोश म्हणजे डावं. पॅडल फ्रेंच तर बाकीचे आटेही फ्रेंच. बॉटम ब्रॅकेटचे आटे ३५ मिमी बाय १ मिमी. सगळीकडे मिळतात ते इंग्लिश कप १.३७ इंचाचे, इंचाला २४ आटे. हिशोब केला तर ३४.८ मिमी. फरक फक्त दोन दशांशाचा! पण तेवढ्याने डावा कप सैल होतो, आणि उजवा तर बसतच नाही, कारण इंग्लिशमध्ये उजवीकडे उलटे आटे असतात, फ्रेंचमध्ये दोन्हीकडे सुलटे. हँडलचा स्टेम २२ मिमी, नेहमीचा मिळतो २२.२. कॉटर तरी आपल्या काळ्या सायकलीची चालेल म्हटलं, तर ती साडेनऊची आणि फ्रेंच नऊची. फ्रेंचांना कुणाशी जुळवून घ्यायचंच नव्हतं बहुतेक.

सायकलवाला म्हणतो ठोकून बसवू. नको! ठोकून बसवलेला पार्ट म्हणजे फ्रेम गेली.

पण जरा थांबा. ३५ बाय १ हे मेट्रिक आहे. आपल्या वर्कशॉपमधल्या कुठल्याही लेथवर १ मिमी पिचचे आटे पाडता येतात. फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी तो टर्निंगचा जॉब केला, स्टेप, टेपर, आटे, सर्वांनी व्हर्निअर लावून मार्क दिले, आणि जॉब गेला स्क्रॅपच्या पेटीत. त्या आट्यांत कधी काही बसलंच नाही. माझा मुद्दा इथे आहे. या सायकलीचा जो भाग बाजारात मिळत नाही, नेमका तोच आपल्याकडे बनू शकतो. नुसत्या माइल्ड स्टीलचा कप टिकणार नाही हे मान्य, कारण तोच बेअरिंगची रेसही असतो. त्याला केस हार्डनिंग हवं. मग मटेरिअल्स लॅबमधली भट्टी कशासाठी आहे? स्टेम तर पॉलिश पेपरने दोन दशांश उतरवला की बसतो.

मागचं चाक बदलायचंच. जुनं २७ इंची आहे, त्याचे टायर मी सहा दुकानांत विचारले. ७०० सी लावलं तर रिम त्रिज्येत ४ मिमी लहान पडते, पण या सायकलीच्या माफॅक ब्रेकचे रबर तेवढे खाली येतात. फ्रीव्हीलचे फ्रेंच आटेही चाकाबरोबर जातात. मागची खाच १२० मिमीची, नवं हब रुंद, तेव्हा फ्रेम थोडी फाकवावी लागेल. स्टील आहे, यील्ड पॉइंटच्या जरा पुढे नेलं की तिथेच राहतं. (ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर कृपया हा प्रयोग करू नये.) मागचा गिअर बदलणारा डिरेलर सिम्प्लेक्सचा, डेल्रिन प्लॅस्टिकचा. ते वयाने तडकतंच, त्याची किंमत शून्य धरावी.

चाकं, टायर-ट्यूब, डिरेलर, चेन, केबल मिळून दुकानदाराने सहा हजार सांगितले. म्हणून काकांना मी चार हजार म्हटलंय, आणि कागदावर का ते लिहून दिलंय. ते रागावले नाहीत. कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "कप कोण करणार?"

तोच प्रश्न मी वर्कशॉपच्या सरांना विचारते आहे. शनिवारी दुपारी लेथ बंद असतात. मटेरिअल मी आणीन, ड्रॉइंग तयार आहे, टॉलरन्ससकट. इन्स्ट्रक्टर समोर असल्याशिवाय मशीनला हात लावणार नाही. परवानगी मिळाली तर सायकल घेईन, नाही मिळाली तर काकांना फोन करून नाही म्हणेन. त्यांनी पंधरा तारखेपर्यंत थांबायचं कबूल केलंय.