राज्यांची सनद कोणाची?

केंद्रसत्ता प्रबळ असल्यावाचून हिंदुस्थानसारखा खंडप्राय देश एकसंध राहणे नाही, आणि राज्यांच्या हाती जितका अधिकार जाईल तितकी फुटीरपणाची बीजे अधिक खोल रुजतील, हे मत आपल्याकडे इतक्या वेळा आणि इतक्या ठासून मांडले गेले आहे की त्यास आता सिद्धान्ताची प्रतिष्ठा आली आहे. ते मांडणारे सगळेच सत्तालोलुप होते असे नव्हे. फाळणीची आच ज्यांना लागली, संस्थानांच्या विलीनीकरणाची दगदग ज्यांनी पाहिली, त्यांच्या चिंतेचा अधिक्षेप करण्याचे कारण नाही. परंतु चिंता खरी असली म्हणून तिच्यावर रचलेला तर्कही खरा ठरतो असे थोडेच आहे!

या पक्षाचा पहिला आधार इतिहासाचा, आणि महाराष्ट्रात तो फार आवडीने पुढे केला जातो. सरंजाम वाटले गेले, शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले आपापल्या मुलखात मुखत्यार होऊन बसले, पुण्याचा हुकूम कागदावरच राहिला आणि इंग्रजाने एकेकास गाठून राज्य घशात घातले. सबब मध्यवर्ती सत्ता ढिली पडली की राज्य बुडते, असा हा युक्तिवाद. यातील अर्धे सत्य मान्य करूनही उरलेल्या अर्ध्याकडे बोट दाखवलेच पाहिजे. तैनाती फौजेच्या तहावर 31 डिसेंबर 1802 रोजी वसईस सही झाली ती कोणा सरदाराची नव्हे, खुद्द दुसऱ्या बाजीरावाची, म्हणजे ज्याला हे लोक केंद्र म्हणतील त्याचीच. यशवंतराव होळकराने हडपसरच्या लढाईत त्यास पळवून लावल्यामुळे तो इंग्रजांच्या आश्रयास गेला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तहानंतर पुढल्याच साली असई आणि अडगावच्या रणात इंग्रजांशी झुंजले ते शिंदे आणि नागपूरकर भोसले, हेही त्याच बखरीचे पुढचे पान आहे. त्या व्यवस्थेत कोणाचा अधिकार कोठवर हे कोठे लिहिलेले नव्हते, आणि पेशवा व सरदार यांच्यातला तंटा दोघांनीही ऐकावा अशा न्यायासनापुढे नेण्याची सोय नव्हती. तेव्हा तलवार हाच निवाडा झाला. ज्या दुखण्याचे निदान ‘हद्द आखलेली नव्हती’ हे आहे, त्यावर ‘हद्दच नको’ हे औषध देणाऱ्या वैद्यास काय म्हणावे?

आपल्या घटनेने ती हद्द आखली. सातव्या परिशिष्टात विषयांच्या तीन सूच्या आहेत. मूळ घटनेत केंद्राकडे 97, राज्यांकडे 66 आणि उभयतांकडे 47 बाबी होत्या, आणि समवर्ती सूचीतल्या विषयावर दोघांच्या कायद्यांत विरोध आला तर सामान्यतः संसदेचा कायदा टिकावा असे ठरले. यावर प्रतिपक्ष म्हणतो की राज्ये निर्माण केली केंद्राने, त्यांच्या सीमा संसदेला बदलता येतात, उरलेले सगळे अनुक्त विषयही केंद्राकडेच. मग राज्यांचा अधिकार तो दिल्लीने दिलेल्या इनामाहून निराळा कसा? या आक्षेपाचे उत्तर घटनासमितीतच, 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात, डॉ. आंबेडकरांनी देऊन ठेवले आहे. कायदे करण्याच्या आणि कारभार चालवण्याच्या अधिकारासाठी राज्ये केंद्रावर अवलंबून नाहीत, कारण ही वाटणी केंद्राच्या कायद्याने नव्हे तर घटनेने केली आहे, आणि केंद्राला ती स्वतःच्या मर्जीने बदलता येत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. म्हणजे दोघांची सनद एकाच दफ्तरातून निघालेली. सीमा बदलण्याचा अधिकार आणि सीमेच्या आत चालणाऱ्या अधिकाराचे स्वामित्व या भिन्न गोष्टी आहेत; शिवाय पहिला अधिकारही व्यवहारात किती निरंकुश असतो याचा अनुभव आपण घेतलेला आहे. संसदेने 1956 साली द्वैभाषिक मुंबई राज्य निर्मिले, आणि पुरती चार वर्षे होतात न होतात तोच तिलाच ते मोडून 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र व गुजरात वेगळे करावे लागले.

राष्ट्रपती राजवटीचे 356 वे कलम हा केंद्रवाद्यांचा राखीव बाण. हे कलम निरुपयोगी पडून राहील अशी खुद्द आंबेडकरांची आशा होती. प्रत्यक्षात ते शंभराहून अधिक वेळा उपसले गेले. 1959 साली केरळचे विधानसभेत बहुमत असलेले मंत्रिमंडळ गेले. 1977 साली जनता पक्षाच्या केंद्र सरकारने नऊ राज्यांतील काँग्रेस मंत्रिमंडळे घालवली आणि 1980 साली काँग्रेसने तितक्याच राज्यांत, महाराष्ट्रासह, त्याची फेड केली. यात राष्ट्राची एकात्मता कोठे वाचली ते कोणी दाखवून द्यावे. उलट 1994 साली बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताची कसोटी राजभवनात नव्हे तर सभागृहात लागली पाहिजे असे बजावल्यापासून या कलमाचा वापर पुष्कळ उतरला, आणि त्यामुळे देशाचे तुकडे पडल्याचे ऐकिवात नाही.

खरी पकड मात्र कलमांत नसून खजिन्यात आहे, आणि ती पाहायला दिल्लीस जाण्याची गरज नाही. महाराष्ट्रातील बहुतेक पगारदारांच्या पगारपत्रकात व्यवसाय कर म्हणून दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत तेवढे 300 रुपये वजा झालेले दिसतात. हा फेब्रुवारीचा चमत्कार कशासाठी? अकरा महिन्यांचे 2200 आणि वरचे 300 मिळून बरोबर 2500 होतात, आणि एका माणसाकडून वर्षाला याहून एक पैदेखील अधिक घेण्यास राज्याला घटनेची मनाई आहे. ही मर्यादा मुळात 250 रुपयांची होती. 1988 साली घटनादुरुस्तीने ती दसपट झाली आणि तेव्हापासून, भाव कोठल्या कोठे गेले तरी, तशीच खिळलेली आहे. कर राज्याचा, विषय राज्याच्या सूचीतला, पण वाढवायचा तर संसदेच्या दाराशी उभे राहायचे.

आणि या तुटपुंज्या कराने काय करून दाखवले? वि. स. पागे यांच्या पुढाकाराने तासगाव तालुक्यात 1965 च्या सुमारास मागेल त्याला काम देण्याचा जो प्रयोग झाला, तो 1972 च्या दुष्काळात राज्यभर फैलावला. पाझर तलाव, नालाबांध, रस्त्याची खडी. खडी फोडणाऱ्या बाईच्या नावापुढे मुकादम मस्टरवर अंगठा घेई आणि त्या मजुरीवर घरची चूल पेटे. पुढे 1975 साली व्यवसाय कराचा कायदा करून शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून खेड्यातल्या मजुराच्या कामाची तजवीज झाली, आणि 1977 च्या रोजगार हमी अधिनियमाने, जो 1979 पासून अमलात आला, काम मागणे हा कायदेशीर हक्क ठरला. मस्टरवर खोटी नावे चढली, कामे निकृष्ट झाली, हे सगळे खरे. पण असा हक्क व्यवहारात देता येतो हे दिल्लीतील कोणत्याही दफ्तराला तोवर सुचलेले नव्हते. देशभरासाठी कायदा झाला तो 2005 साली. एकच मुखत्यार असता तर हा प्रयोग करून पाहण्याची परवानगी मागण्यातच पागे यांची हयात गेली असती.

वस्तू व सेवा कराच्या परिषदेचे गणित तर याहून बोलके आहे. तेथे केंद्राच्या मताचे वजन एकतृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोनतृतीयांश, आणि ठरावाला हवे तीनचतुर्थांश; म्हणजे झाडून सारी राज्ये एक झाली तरी केंद्रावाचून काही करू शकत नाहीत, आणि केंद्र एकट्याने नको म्हणाले की विषय संपला. त्याखेरीज उपकर आणि अधिभार यांचे उत्पन्न राज्यांशी वाटून घ्यावे लागत नसल्याने, वित्त आयोगाने राज्यांचा वाटा टक्क्यांत कितीही ठरवला तरी ज्या राशीचे टक्के मोजायचे तीच राशी लहान ठेवण्याची सोय केंद्राकडे राहते.

याचा अर्थ केंद्राने हात बांधून बसावे असा नाही. संरक्षण, चलन, रेल्वे यांविषयी वादच नाही. आणि महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र यांच्यात कृष्णेचे पाणी वाटण्यासाठी, बच्छावत लवादाने 1973 साली महाराष्ट्राच्या पदरात 560 अब्ज घनफूट घातले तसे, तिऱ्हाइताचे न्यायासन लागतेच. आमचे म्हणणे एवढेच की जे दोन राज्यांत मिटत नाही ते केंद्राकडे असावे. केवळ मोठ्याला धाकट्याचे करणे पसंत नाही म्हणून कोणतीही गोष्ट वर जाऊ नये.

एक मात्र राज्यांच्या कैवाऱ्यांनीही ऐकून घ्यावे, आणि आम्ही त्यांच्यातलेच असल्याने ते जरा परखडपणे सांगतो. 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांकडे देण्याजोग्या अठरा विषयांची यादी बाराव्या परिशिष्टात घातली. त्यातले कोणते प्रत्यक्षात द्यावयाचे हे मात्र राज्यांवर सोपवले. नगररचना आजही बव्हंशी मंत्रालयाच्या टेबलावरून हलत नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, आणि त्यानंतर देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचा अंदाजपत्रकासह सारा कारभार वर्षामागून वर्षे राज्याने नेमलेल्या प्रशासकाच्या सहीने चालला. दिल्लीच्या अतिक्रमणाविरुद्धची निवेदने त्या काळात ज्या मंत्रालयातून रवाना होत होती, त्याच मंत्रालयातून त्या प्रशासकाला हुकूम सुटत होते.