टाकाऊ कशास म्हणावे?

बाराव्या शतकात याच कल्याण नगरीत महात्मा बसवेश्वरांनी कायकाचा, म्हणजे प्रामाणिक श्रमाचा, महिमा सांगितला. त्याच भूमीत आज श्रमाने पिकविलेल्या पिकाचा मोठा भाग आपण टाकाऊ ठरवितो. ऊस तुटला की पाचट पुष्कळदा शेतातच पेटविले जाते. तूर झोडपली की तुराट्या चुलीत जातात. या वस्तूंपासून कपडे धुण्याचे द्रव्य होऊ शकेल, असे कोणी म्हटल्यास वाचकांस नवल वाटेल. परंतु ते शक्य आहे.

तेलकट मळ नुसत्या पाण्याने निघत नाही. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला व दुसरे तेलाला धरते, म्हणून मळ सुटतो. रिठा आणि शिकेकाई यांचा गुण हाच. यीस्टच्या काही जातीही असे द्रव्य तयार करतात. स्टार्मेरेला बोंबिकोला या यीस्टला साखर व तेल दिले असता ते ‘सोफोरोलिपिड’ बनविते. यीस्टपासून मिळणाऱ्या या द्रव्याचे वर्णन कॅनडातील शास्त्रज्ञांनी १९६१ साली केले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अस्मिता प्रभुणे यांनी त्यावर दीर्घकाळ संशोधन केले. हे द्रव्य वापरानंतर सहज कुजून नाहीसे होते. म्हणून ओढ्यातळ्यांना त्याचा उपद्रव कमी.

मग अडचण कोठे आहे? ती किमतीत आहे. शुद्ध साखर आणि तेल महाग पडतात. कारखान्याच्या मळीत साखर तयार असते. पाचट व तुराटी यांतील सेल्युलोजची मात्र आधी साखर करावी लागते, आणि त्यालाही खर्च येतो. हा खर्च उतरविणे हेच पुढील पिढीचे काम होय.

तथापि टाकाऊ म्हणजे फुकट, हे आम्हांस मान्य नाही. कडब्यावर पहिला हक्क गुरांचा, तुराटीवर गरिबाच्या चुलीचा, आणि पाचटाचा काही वाटा जमिनीच्या आच्छादनाचा. हे सारे भागवून जे व्यर्थ जळते, तेच उद्योगाने घ्यावे, आणि त्याचे मोल शेतकऱ्याच्या पदरात घालावे. मोल न देता नेलेला माल कारखान्याला श्रीमंत करील, गावाला नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, रसायनशास्त्र शिकण्यासाठी आपणांपैकी कित्येक जण पुण्यामुंबईस, हैदराबादेस जातील. अवश्य जावे. मात्र तेथे शिकलेली विद्या आपल्या बांधावरच्या पाचटापर्यंत पोहोचविण्याची आठवण ठेवावी. कायकाच्या या भूमीचे आपल्यावर एवढे ऋण खचित आहे.