परिचारिकेचे धैर्य आणि शासनाचे कर्तव्य

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे प्राणास मुकली. बरोबर तीस वर्षांनी, ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत, नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ अर्भके होती. दोन दिवसांत हा आकडा ३१ वर गेला. या वेळी ना धरणी कंप पावली होती, ना गोदावरीने काठ सोडला होता.

औषधे बाहेरून आणावी लागत असल्याचे नातेवाइकांनी सांगितले. शासनाने टंचाईचा इन्कार केला. अखेर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन रिक्त पदांचा व औषधखरेदीचा जाब विचारला. जे विधिमंडळाने विचारावयाचे, ते न्यायालयाला विचारावे लागले.

या संकटाचे मूळ नांदेड शहरात नाही. ते किनवट तालुक्यातील इस्लापूरसारख्या गावांत शोधले पाहिजे. आसपासच्या तांड्यांवरील आणि आदिवासी पाड्यांवरील अडलेली बाळंतीण जवळच्या केंद्रात उपचार मिळाले नाहीत, तर हिमायतनगर, भोकर मागे टाकीत नांदेड गाठते. वाटेत गेलेला वेळ कोणतेही औषध परत आणीत नाही. अशा रुग्णांचा लोंढा अखेर ज्या एका खाटेपाशी येऊन थांबतो, तेथे परिचारिका उभी असते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात तीन रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका असावयास हवी. सरकारी कक्षात रात्रपाळीला पाऊल टाकणाऱ्या कोणालाही हा निकष कागदावरच राहिल्याचे दिसेल. आणि तरीही आपत्ती आली की तिला धीर धरण्याचे धडे दिले जातात, तिच्यावर फुले उधळली जातात. फुले सुकण्यापूर्वीच दोषारोप सुरू होतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण मरण पावले, तेव्हा एका वैद्यकीय अधिकाऱ्यासह तीन परिचारिकांना अटक झाली. इमारतीची अग्निसुरक्षा ही परिचारिकेच्या कामाची बाब केव्हापासून झाली?

मे २०२२ मध्ये राज्यातील परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा त्यांना रुग्णांचे शत्रू ठरविण्याचा प्रयत्न झाला. वस्तुतः तो लढा रुग्णांचाही होता. जिला उद्याच्या नोकरीची शाश्वती नाही, तिने आजच्या महापुराला खंबीरपणे तोंड द्यावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. धैर्य हा व्यक्तीचा गुण असला, तरी ते टिकविणे हे व्यवस्थेचे काम आहे. पुरेशा सहकारी, पाळीनंतरची हक्काची विश्रांती, भरलेले औषधभांडार, नियमित सराव आणि घटनेनंतर मनाला आधार, एवढ्यावरच ते उभे राहते.

म्हणून कार्यकर्त्यांनी नांदेडच्या मृत्यूंबद्दल केवळ शोक करून थांबू नये. आपापल्या तालुक्यातील आरोग्य केंद्रात मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि पावसाळ्याआधी औषधांचा राखीव साठा आहे काय, याचा हिशेब ग्रामसभेत मागावा. तो हिशेब इस्लापुरात चोख झाला, तर नांदेडच्या रात्रपाळीवरील परिचारिकेचा भार हलका होईल.