हिवतापाची गोळी आणि वजनाचे गणित

हिवतापावरील औषध म्हणून जन्माला आलेली हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनची गोळी आज आमवात आणि ल्युपसच्या असंख्य रुग्णांचा आधार आहे. औषध जुने, तुलनेने स्वस्त आणि परिणामकारक. मात्र ते वर्षानुवर्षे घ्यावे लागते आणि त्याची सुरक्षितता मुख्यतः रुग्णाचे वजन व डोळ्यांची नियमित तपासणी या दोन गोष्टींवर अवलंबून असते. अहिल्यानगर जिल्ह्यातील शेवगावसारख्या तालुक्याच्या गावी नेमक्या याच दोन गोष्टी निसटण्याची शक्यता अधिक आहे.

दुसऱ्या महायुद्धात हिवतापापासून बचावासाठी मेपाक्रिन घेणाऱ्या काही सैनिकांचे त्वचाविकार आणि सांधेदुखी कमी झाल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले. त्यातूनच या वर्गातील औषधांचा स्वयंप्रतिकार विकारांवरील वापर रूढ झाला. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते, तेव्हा हे औषध तिचा अतिरेक आवरते. गुण येण्यास दोन-तीन महिने लागतात. ल्युपसमध्ये ते मध्येच थांबवल्यास आजार पुन्हा उसळू शकतो. म्हणूनच गरोदरपणातही डॉक्टर ते सहसा सुरू ठेवतात.

मार्च २०२० मध्ये या गोळीला अनपेक्षित प्रसिद्धी मिळाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने करोनाप्रतिबंधासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना ती सुचवली, मागणी भडकली आणि केंद्राने निर्यात व किरकोळ विक्रीवर निर्बंध आणले. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने रुग्णालयातील करोनारुग्णांना तिचा लाभ नसल्याचे दाखवले. या गदारोळात ज्यांना तिची खरी गरज होती, त्या संधिवाताच्या रुग्णांना मात्र गोळीसाठी वणवण करावी लागली. शिवाय ‘ही गोळी घातक आहे’ अशी धास्तीही मागे उरली.

वस्तुस्थिती या दोन टोकांच्या मधली आहे. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार दैनंदिन मात्रा प्रत्यक्ष वजनाच्या प्रतिकिलो ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. म्हणजे रोज ४०० मिलिग्रॅम घ्यायचे तर वजन किमान ८० किलो हवे. शेतात राबणाऱ्या ४५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी ही मर्यादा २२५ मिलिग्रॅम भरते. तिला रोज ४०० मिलिग्रॅम दिले गेले, तर ते मर्यादेच्या पावणेदोन पटींहून अधिक होते. मर्यादेतील मात्रेत दृष्टिपटलाला इजा होण्याचा धोका पहिल्या पाच वर्षांत एक टक्क्याहून कमी, दहा वर्षांपर्यंत दोन टक्क्यांहून कमी असतो. वीस वर्षांनंतर मात्र तो वीस टक्क्यांच्या आसपास जातो.

ही इजा सुरुवातीला जाणवत नाही आणि झालेली हानी सहसा भरून येत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी, असे हीच शिफारस सांगते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन सुरू असल्यास ती त्याआधीच सुरू करावी लागते. नेहमीची चष्म्याची तपासणी यासाठी पुरेशी नाही. दृष्टिक्षेत्राची चाचणी आणि ओसीटी हे दृष्टिपटलाचे चित्रण आवश्यक असते.

संधिवात हा केवळ शहरी आजार नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या सर्वेक्षणात सुमारे अर्धा टक्का प्रौढांना आमवात आढळला होता. संधिवाततज्ज्ञ मात्र प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. शेवगावहून नगर साठेक किलोमीटर, पुणे त्याहून कितीतरी दूर. शेवगाव-पाथर्डी पट्ट्यातील ऊसतोड कुटुंबे हंगामात महिनोन्महिने गाव सोडतात. अशा वेळी जुनीच चिठ्ठी दाखवून गोळ्या घेत राहणे किंवा बरे वाटताच त्या थांबवणे, दोन्ही सोपे असते आणि दोन्ही धोक्याचे.

यावरचा उपाय खर्चिक नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर रुग्णाचे वजन, औषध सुरू केल्याची तारीख आणि पुढील नेत्रतपासणीचा महिना लिहावा. औषधविक्रेत्याने गोळ्या देताना तो महिना पाहावा. हृदयविकार असल्यास अथवा ॲझिथ्रोमायसिनसारखे औषध घ्यायचे झाल्यास रुग्णाने डॉक्टरांना कल्पना द्यावी. गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. लहान मुलांत थोडी अधिक मात्राही प्राणघातक ठरू शकते. मात्रा स्वतःहून बदलणे कोणाच्याच हिताचे नाही. सत्तर वर्षांचा अनुभव गाठीशी असलेले हे औषध भीती बाळगण्याजोगे नाही. मात्र शेवगावच्या रुग्णालाही पुण्याच्या रुग्णाइतकीच देखरेख मिळायला हवी.